समुद्र न दिसल्याची तक्रार

मी आयुष्यात एकदाच ग्राहक मंचाची पायरी चढलो, आणि तीही हॉटेलच्या खिडकीतून समुद्र दिसला नाही म्हणून. बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसानं समुद्रावरून भांडावं! लोणारचं तळं सोडलं तर आमच्या बापजाद्यांनी खारं पाणी पाहिलेलं नाही. पण तक्रार लिहिताना मी असा चवताळलो होतो, की वाचणाऱ्याला वाटावं, या माणसाचा जन्म होडीत झाला आहे.

ती तक्रार मी ऐनवेळी मागे घेतली. का घेतली, ते आजवर कुणाला सांगितलं नाही. घरी म्हणालो, "जाऊ द्या, कोण चकरा मारते." घरच्यांनी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. तेही मी मुकाट ठेवून घेतलं.

माझं तेव्हा डोणगावला बी-बियाण्याचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. बीटी कापूस नवा होता. मृगाआधीच दुकानापुढे रांगा लागायच्या. छापील भावात बॅग कुणालाच मिळत नव्हती, त्यामुळे पक्की पावतीही कुणाला मिळत नव्हती. मी वहीचं पान फाडून चिठ्ठी द्यायचो, 'कापूस, दोन बॅग', आणि खाली सही म्हणून एक वेलांटी. पक्की पावती मागणाऱ्याकडे आम्ही दुकानदार अशा नजरेनं बघायचो, जणू त्यानं आमच्या खानदानाचा दाखला मागितला. गल्ल्यावर पाटी होती: 'ग्राहक हाच आमचा देव'. देवाला पावती कुठं लागते?

त्या वर्षी एका कंपनीनं दुकानदारांसाठी योजना काढली. ठरलेल्या बॅगा विका आणि गोव्याला चला. समुद्राकाठचं हॉटेल, समुद्र दिसणारी खोली. मी चार-सहा बॅगांनी अडलो होतो. आणि माझ्याकडे उशिरा आलेल्या एका लॉटच्या बॅगा पडून होत्या. शेजारचा दुकानदार हळूच म्हणाला होता, "तो लॉट उगवून नाही राह्यला म्हणते, मेहकरकडून बातमी आहे." मी ऐकलं नाही असं नाही. ऐकलं, आणि किती बॅगा उरल्यात ते मोजलं. जाणते शेतकरी बॅग उलटी करून लॉटचा आकडा वाचायचे आणि परत ठेवायचे. आता मला हवा होता आकडा न वाचणारा माणूस.

तो माणूस म्हणजे आमच्या गावातले पिंजारी चाचा. गाद्या-रजया भरून देण्याचा त्यांचा धंदा. कापूस पिंजायचं मशीन होतं, पण चाचांचा भरवसा बोटांवर. चिमूटभर रुई ओढून सांगायचे, ही अमक्या शिवारातली, यात दोन वेचण्या एक केल्यात. जन्मभर दुसऱ्याचा कापूस पिंजून त्यांनी तेव्हा पहिल्यांदा स्वतःचं अडीच एकर वावर घेतलं होतं. नातेवाईक हसायचे. सुलतानपूरचा त्यांचा साला तर चारचौघांत म्हणाला होता, "पिंजाऱ्यानं गादी भरावं, वावरात कायले मरायले जाते?" चाचा हसून म्हणाले होते, "दिवाळीले ये. माह्या वावरातल्या रुईची गादी टाकतो तुले बसाले."

मी त्यांना त्या लॉटच्या बॅगा दिल्या. वरून म्हणालो, "चाचा, तुमच्यासाठी बाजूले काढून ठेवल्या होत्या." हे अगदी खरं होतं.

पंधरा दिवसांनी चाचा दुकानात आले. निम्मं वावर उगवलंच नव्हतं. जे उगवलं त्यात, त्यांचं म्हणणं, दोन जातींची झाडं होती. दुकानात गर्दी होती आणि गर्दीत मला नेहमी विनोद सुचतो.

"चाचा, तुम्ही सरकी पेरली का गादीत भरली?"

लोक हसले. मग मी तज्ज्ञाच्या आवाजात म्हणालो, "खोल गेलं असंन. नव्या माणसाचं होते असं."

गावात एखादी गोष्ट पसरायला टपाल लागत नाही. आठ दिवसांत पोरंसुद्धा चाचांना विचारू लागली, "चाचा, सरकी का गादीत भरली?" माझा विनोद असा छान उगवला. त्याला लॉट नंबर नव्हता.

चाचांनी तालुक्याला, कृषी कार्यालयात तक्रार दिली. पाहणी झाली, पंचनामा झाला. विक्रेता म्हणून माझ्याकडून खुलासा मागवला. कंपनीचा प्रतिनिधी आदल्या दिवशीच येऊन चहा पिऊन गेला होता. त्यानं दमदाटी केली असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "भाऊ, गोव्याची लिस्ट फायनल होऊन राह्यली." मी लिहून दिलं: 'सदर लॉट माझ्या दुकानातून विकला गेलेला नाही.' 'सदर' हा फार सोयीचा शब्द आहे. त्यानं सुरुवात केली की पुढचं खोटं सरकारी वाटतं.

मग आम्ही गोव्याला गेलो.

सहलीचं कंत्राट कंपनीनं एका ट्रॅव्हल्सवाल्याला दिलं होतं. आम्ही तीसेक दुकानदार शेगावला जमलो, गजानन महाराजांचं दर्शन घेतलं, स्टेशनवर आलो, तेव्हा कळलं की तिकिटं वेटिंगची आहेत. ट्रॅव्हल्सचा माणूस म्हणाला, "गाडीत बसा, होऊन जाईल कन्फर्म." सहलभर त्याचं हे एकच वाक्य होतं. आम्ही दाराजवळ आपापल्या बॅगांवर बसून कल्याण गाठलं. पुढे 'पुशबॅक' बस. माझी खुर्ची मागे जात नव्हती. पुढच्याची मात्र एवढी मागे येत होती, की त्याचं डोकं माझ्या मांडीवर, आणि मी रात्रभर परक्या माणसाला अंगाई म्हणायच्या बेतात. हॉटेलवर पोचलो तर नाश्त्याची वेळ संपली होती. स्थळदर्शन म्हणजे काजूची तीन दुकानं. आणि खोलीची खिडकी उघडली तर समोर हातभर अंतरावर भिंत, तिच्यावर पाण्याच्या काळ्या टाक्या.

मी खाली जाऊन विचारलं, समुद्र कुठं आहे? काउंटरवरचा मुलगा फार नम्र होता. म्हणाला, "सर, समुद्र त्या साईडलाच आहे."

परत आल्यावर मी ट्रॅव्हल्सच्या ऑफिसला फोन लावले. आधी सनई वाजायची, मग एक बाई म्हणायची, साहेब मीटिंगमध्ये आहेत. सात पानांचं पत्र पाठवलं. उत्तर आलं: 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. तथापि, त्या दिवसांत हवामान धुरकट असल्याने समुद्र न दिसणे शक्य आहे.' मी ते पत्र दुकानात गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं. "पाहा," मी म्हणालो, "आपला माल खराब अन् दोष हवामानाले. ह्या लोकांले शरम नाही." समोर उभे असलेले शेतकरी काही बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांना माझा संताप पटला.

दुसऱ्या पत्रात त्यांनी लिहिलं, आपण आमचे ग्राहकच नाही, पैसे बियाणे कंपनीने भरले आहेत. या सहलीवर आपला हक्क असल्याचा पुरावा पाठवा. झालं. मी कंपनीचं निवडपत्र काढलं. छापील कागद, शिक्का, सही. त्यात लिहिलं होतं की माझ्या दुकानातून कोणकोणत्या लॉटच्या किती बॅगा विकल्या गेल्या, सबब गोव्यासाठी निवड. ते पत्र तारखेला दाखल करायचं म्हणून फाईलला लावून ठेवलं आणि बुलढाण्याच्या ग्राहक मंचात तक्रार ठोकली. वकील केला नाही. सत्य आपल्या बाजूला असताना वकील कशाला?

तारखेला मंचाच्या व्हरांड्यात बाकावर जाऊन बसलो, तर शेजारी चाचा. पांढरा शुभ्र कुर्ता, मांडीवर कापडी पिशवी.

"सलाम भाऊ. तुमी इकडं कसे?"

"आहे एक तक्रार. तुम्ही?"

"तेच, बियाण्याचं. आज आखरी तारीख देल्ली साहेबानं, कागद काय लावाचा तो लावा म्हणे." त्यांनी पिशवीतून बॅगेची दोन रिकामी पाकिटं काढली, घडी करून जपलेली. "हे हायेत. तं कंपनीचा वकील म्हणते, असे पाकिटं कोणाच्याबी बांधा-धुऱ्यावर पडेल राह्यते. तुमची ती चिठ्ठीबी दाखवली. म्हणे, ह्याच्यावर ना दुकानाचं नाव ना लॉट."

मी म्हणालो, "हं."

"अर्ज माह्या पोरीनं लिवला. ते म्हणे, दुकानदाराचंबी नाव टाका अब्बा. म्या म्हटलं, नको, ते आपले गावचे हायेत, त्याईले कायले ओढाचं." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "तुमी लिवून देल्लं म्हणते की तो लॉट तुमच्याइथं आलाच नाही. बम गर्दी होती त्या दिवसांत. विसर पडला असंन तुमाले."

बघा, खोटं बोलणाऱ्याला बाहेर पडायला दारसुद्धा चाचांनीच उघडून दिलं.

"रजिस्टर पाहावं लागंन," मी म्हणालो. रजिस्टर बघायची गरज नव्हती. माझ्या मांडीवरच्या फाईलमध्ये, वरून तिसऱ्या पानावर, शिक्क्यासह तो लॉट नंबर होता. चाचांच्या हातातल्या पाकिटावरचा आणि माझ्या पानावरचा आकडा एकच होता. तेव्हाच, त्या बाकावरच, माझ्या हे लक्षात आलं. तोवर ते पत्र माझ्यासाठी फक्त गोव्याचं होतं.

"किती मागून राह्यले कंपनीले?" मी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"पैशाचं काय, लिवलाय कायतरी आकडा पोरीनं. मले एवढं लिवून पाह्यजे साहेबाच्या सहीचं, की बियाणं खराब होतं, पेरणारा नाही. मंग तो कागद मी साल्याले वाचून दाखवतो." ते हसले. "तुमची काय तक्रार हाये?"

यापेक्षा अवघड प्रश्न मला कुणी विचारलेला नाही.

"हॉटेलात... खोलीतून समुद्र दिसत नव्हता."

चाचांनी क्षणभर विचार केला. थट्टा करतील असं वाटलं. त्यांचा हक्कही होता. पण ते गंभीरपणे म्हणाले, "मंग तं खोटं बोलले ते तुमच्यासंग. पावती हाये ना तुमच्याजवळ?"

माझं नाव आधी पुकारलं गेलं. आत चालत गेलो तेवढ्या दहा-बारा पावलांत मी हिशेब लावला. पत्र दाखल केलं तर समुद्र मिळेल, आणि मी तालुक्याला खोटं लिहून दिल्याचं उघड होईल. परवाना जाईल, कंपनी जाईल, गावात तोंड जाईल. दाखल केलं नाही तर मी ग्राहक नाही. तिसरा रस्ता होता. पत्र काढून बाहेर बाकावर बसलेल्या माणसाच्या हातात द्यायचं. तो रस्ता मला दिसला नाही असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. दिसला होता. स्पष्ट दिसला होता.

"तक्रार मागे घ्यायची आहे, साहेब."

"तडजोड झाली का?"

"हो."

फाईल बगलेत घट्ट धरून मी मागच्या भिंतीशी उभा राहिलो. निघून गेलो असतो तर चाललं असतं, पण मला बघायचं होतं. चाचांना बोलावलं. कंपनीच्या वकिलानं माझा खुलासा वाचून दाखवला, 'सदर'पासून सहीपर्यंत. माझं अक्षर चांगलं आहे, त्याला वाचताना कुठं अडखळावं लागलं नाही. साहेबांनी चाचांना शांतपणे विचारलं, आणखी काही कागद द्यायचा आहे का? चाचांनी पिशवीत हात घातला, चाचपला, जणू न ठेवलेलं काहीतरी सापडेल. मग म्हणाले, "नाही साहेब. एवढंच हाये."

निकाल पुढे महिन्यानं आला, पुराव्याअभावी फेटाळल्याचा. पण तो त्या दुपारीच लागला होता, आणि ते आम्हा दोघांनाही कळलं होतं.

परतीला मेहकरपर्यंत एकच एसटी. चाचांनी माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवली होती. चिखली गेल्यावर ते म्हणाले, "तुमची झाली तडजोड, बरं झालं भाऊ."

मला वाटलं, आता ते लॉटचं विचारतील. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं म्हणायचा मला मोह होतो; तो टाळतो.

"एक सांगजा मले," चाचा म्हणाले. "वकील, साहेब, तुमी, एवढे शिकेल लोकं म्हणून राह्यले, तं माहीच काहीतरी चूक असंन. सरकी किती आत टाकाची असते? बराबर दाखवजा. पुढच्या साली तशीच टाकतो."

ते खरंच विचारत होते. सकाळी बाकावर बसलेला, स्वतःच्या बोटांवर भरवसा असलेला माणूस तोच होता, पण आता तो मला माझ्याच धंद्यातलं विचारत होता, आणि उत्तरावर विश्वास ठेवणार होता.

मी उजव्या हाताचं बोट पुढं केलं आणि अंगठ्यानं दुसऱ्या पेरावर खूण दाखवली. "इथपर्यंत."

चाचांनी आपलं बोट माझ्या बोटाशेजारी धरलं. रुईनं मऊ झालेलं बोट. दोन्ही पेरं नीट जुळवून पाहिली.

"म्या तं एवढंच टाकलं होतं," ते म्हणाले.

फाईल माझ्या मांडीवर होती.

"मग ओल कमी पडली असंन," मी म्हणालो. आणि मेहकर येईपर्यंत मी त्यांना ओल कशी बघायची ते समजावून सांगत राहिलो.