शनिवारी पडलेलं वानर

साल दोन हजार बावीस. मला एकाहत्तर पुरी झालेली. कागदावर कमी आहेत, कारण शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजानं तारीख टाकली. पण माझी आई सांगायची तेच वय खरं.

शिक्षण चौथी. हे लिहायला कुणी सांगितलं नाही. आमच्या गावात त्या वानराची समाधी आहे. दर शनिवारी तिथं नारळ फुटतात. बाहेरगावची माणसं येतात, त्यांना सांगतात की मारुतीनं त्याला पायाशी बोलावून घेतलं, हात जोडून शांत गेलं. तसं झालं नाही. मी देवळात आत होतो. म्हणून लिहितो.

कोरेगावच्या अलीकडं आमचं गाव. गावाला लागूनच, रस्त्याकडेला माझी वस्ती आहे, तिथं मी एकटा राहतो. थोरला पोरगा फौजेत, धाकटा पुण्याला कंपनीत. दोघंही या म्हणतात. मी जात नाही. म्हैस कोण बघणार हे एक, आणि दुसऱ्याच्या घरात विचारून पाणी प्यायचं मला जमत नाही.

वानरांचा कळप डोंगरावर असतो. उन्हाळ्यात चिंचा खायला खाली उतरतो आणि खाऊन वर जातो. हे झालं त्या वर्षी कळपात नवा नर शिरला आणि त्यानं जुन्याला फाडून हाकलला. भांडण मी बघितलं नाही, नंतरचं बघितलं. ओठ चिरलेला, एक कान अर्धाच राहिलेला, असं ते माझ्या गोठ्याच्या पत्र्यावर येऊन बसलं. कळप डोंगरावर गेला, ते राहिलं.

अंगणात शेंगा वाळत होत्या म्हणून मी दगड मारला. दगड त्याच्या पायाशी पत्र्यावर वाजला तरी उठलं नाही. डोंगराकडं तोंड करून बसलेलं. दुसरा दगड मी मारला नाही.

कळप परत खाली आला तेव्हा ते उठून गेलं. थांबत थांबत गेलं, भांडण झालेल्या भावाच्या दारात माणूस जातो तसं. चिंचेखाली माद्या होत्या, त्यांच्यापासून लांबच बसलं. एका मादीनं पोटाचं पिल्लू आवळलं आणि ती सरकली. तेवढ्यात नवा नर आला. माझं वानर परत पत्र्यावर आलं तेव्हा शेपटीतनं रक्त गळत होतं. त्यानंतर कळप आला की ते पत्र्यावरूनच बघत राहायचं, गेलं नाही.

माझ्याकडं म्हशीचं रेडकू होतं. हळूहळू वानर खाली उतरून रेडकाच्या कानातले गोचीड काढायला लागलं. रेडकाला बरं वाटायचं, मान टाकून उभं राहायचं. काढून झालं की वानर त्याच्याकडं पाठ करून बसायचं. वानरांत तशी रीत असते, मी तुझं अंग बघितलं, आता तू माझं बघ. रेडकू काय बघणार? ते वैरणीकडं तोंड फिरवायचं. वानर आपलं पाठ देऊन बसलेलंच. पुष्कळ वेळ बसायचं, मग पत्र्यावर जायचं. रोज हेच. मला ते बघवायचं नाही आणि मी बघितल्याशिवाय राहायचो नाही.

गावात एक वेल्डिंगवाला आहे, मुसलमान आळीतला. आम्ही चौथीपर्यंत एका बाकावर होतो. त्याला मी हे सांगितलं.

"मग तू बस की त्याच्या पाठीमागं," तो म्हणाला. "तुला तरी दुसरं काय काम हाय?"

"माझ्या हाताला यायचं न्हाई ते."

"तुझ्या हाताला कोण आलंय रं आजवर?"

बोलतो तो असाच. पण ईदला शीरखुर्म्याचा डबा न चुकता देतो.

मी त्या वानराला हातानं कधी खायला घातलं नाही. हातानं घातलं की जनावर माणसाच्या दारात शिरतं आणि मग माणूसच त्याला काठीनं मारतो. म्हशीच्या दोणीत पाणी असायचं, तेवढं प्यायचं.

माझ्या बांधावरच्या चिंचेची एक फांदी रस्त्याकडं गेलेली आणि रस्त्याकडेला विजेची डीपी. एका शनिवारी सकाळी कळप चिंचेवर होता, हे कधी नव्हे ते परत तिकडं गेलं, नव्या नरानं ह्याला फांदीवर गाठलं आणि ह्यानं डीपीवर उडी घेतली. आवाज झाला, गावातली लाइट गेली आणि ते खाली पडलं. मी पोचलो तोवर धूर येत होता. एक हात कोपरापर्यंत जळालेला, कुशीचं कातडं सोललेलं. डोळे उघडे आणि छाती हलत होती.

गाव गोळा व्हायला वेळ लागत नाही. माझा पुतण्या तरुण मंडळाचा अध्यक्ष, तो सगळ्यांत पुढं. पोरगा वाईट नाही. घोंगडं त्यानंच आणलं, उचललं त्यानंच. मी म्हटलं गोठ्यात न्या. पण शनिवार होता. शनिवारी वानर पडलं म्हणजे मारुतीनं बोलावलं, असं एक म्हातारी म्हणाली आणि सगळ्यांनी हात जोडले. नेलं मारुतीच्या देवळात.

देवळात जळक्या हातावर तेलात कालवलेला शेंदूर लावला. औषध म्हणून नाही, देव म्हणून. शनिवारी मूर्तीला लावतात तसाच, हातानं चोपडून. त्यानं तोंड वासलं, आवाज निघाला नाही. गळ्यात रुईच्या पानांची माळ घातली. मोबाइल घेऊन पोरं वाकत होती. बाहेर भजनाला माणसं बसली. पुतण्या फोनवर कोरेगावच्या फ्लेक्सवाल्याशी बोलत होता, भावपूर्ण श्रद्धांजली मोठ्या अक्षरात, खाली सगळ्या मंडळाची नावं. देवळाच्या मागं जेसीबी खड्डा काढायला लागला होता.

"आरं, ते जित्तं हाय," मी म्हणालो.

"तात्या, किती वेळ आता? तयारीला वेळ लागतोच की."

"जित्याचा खड्डा काढतोस व्हय?"

"आमी काय मारायला बसलोय का त्याला? सगळं गाव जेवणार हाय त्याच्या तेराव्याला. माणसाचं होत न्हाई एवढं करतोय."

मागनं कुणीतरी बोललं, "म्हाताऱ्याला लय दिवसांनी सोयरा गावला." माणसं हसली. मी मागं बघितलं नाही.

जनावरांच्या डॉक्टरला मी फोन लावून बोलावलं. तो आला, सगळ्यांना मागं सारलं, शेंदूर पुसला, इंजेक्शन दिलं. म्हणाला, "हात जाईल बहुतेक, पण जीव चिवट आहे, वाचेल. आता हलवू नका. अंधार करा, आवाज बंद करा. माणसं बघूनच हे अर्धं मरतंय." वनखात्याची गाडी दुसरीकडं बिबट्याच्या कामात होती, ती संध्याकाळपर्यंत पाठवतो असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. डॉक्टरला दुसऱ्या गावात गाईची अडचण होती, तो गेला.

म्हणजे संध्याकाळपर्यंत शांतता राखायची, एवढंच काम होतं. गावाला एवढंच करायचं होतं.

आमच्या गावाला मेलेल्या माणसाचं सगळं नीट करता येतं. ह्यात मी खोट काढत नाही. माझी बायको शेवटचं वर्ष खोलीत पडून होती. येणारं माणूस उंबऱ्यात उभं राहून, बरं हाय का विचारून जायचं, आत कुणी बसायचं नाही. ती गेली त्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. भाकरीच्या पाट्या आल्या, दहाव्याला नदीवर सगळं गाव आलं. ती जित्ती होती तेव्हा त्यातली एक बाई पाठीमागं बसली असती तर तिला बरं वाटलं असतं. हे मी गावाला कधी बोललो नाही, आणि त्या दिवशीही बोललो नाही.

मी उठलो, आतल्या सगळ्यांना बाहेर काढलं. माझं वय बघून कुणी अंगाला हात लावला नाही. जाळीचं दार ओढलं. कुलूप किल्लीसकट कडीला लटकत होतं, ते आतनं लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

शनिवारच्या दिवशी मारुतीला कुलूप. बाहेर तेलाच्या वाट्या घेऊन बाया उभ्या राहिल्या. पुतण्या जाळीला धरून म्हणाला, "तात्या, देऊळ काय तुमच्या एकट्याचं हाय का?"

"न्हाई. म्हणूनच आतनं लावलंय. किल्ली घरी न्हेली न्हाई."

वेल्डिंगवाला गोणपाटं घेऊन आला. ते जाळीचं दार त्यानंच केलेलं, पैसे न घेता. बाहेरनं जाळीवर गोणपाटं अडकवून तो अंधार करायला लागला. कुणीतरी त्याला म्हणालं, "चाचा, तुमी नका पडू ह्यात."

"देव तुमचा," तो म्हणाला. "दार माझं हाय."

आत अंधार झाला. भजन थांबलं, कारण आत दिसत नसलं की माणसांना बाहेर बसवत नाही. थोडी घरी गेली. मी वाटीतनं पाणी पुढं सरकवलं. त्यानं ओठ लावले, थोडं प्यालं. मग कूस बदलली आणि पाठ माझ्याकडं झाली.

मला वाटलं, आता तरी हात फिरवावा. मी पाठीवर बोटं टेकली. ते सगळं आखडलं आणि मान वळवून त्यानं दात दाखवले. मी हात मागं घेतला. त्याला पाहिजे होतं ते डोंगरावर होतं, माझ्याकडं नव्हतं. मी भिंतीला टेकून लांब बसलो. दुपार तशीच गेली. त्याचा श्वास आधी भराभर चालायचा, तो लांब झाला. एकदा झोपलंही असावं, कारण पापणी पडलेली मला दिसली. गोणपाटाला भोक होतं, तिथनं वेल्डिंगवाल्यानं विचारलं, "हाय का?" मी म्हटलं, "हाय."

दिवेलागणीला आमच्या देवळात आरती होते. ती कधी चुकली नाही. पूर्वी पोरं झांजा वाजवायची, घंटेची दोरी ओढायची. पोरं पुण्याला गेली, मग मंडळानं मोटरवरचं यंत्र आणलं. बटण दाबलं की नगारा, झांज आणि घंटा आपोआप वाजतात. यंत्र आत कोपऱ्यात, उंच कोनाड्यात. बटण बाहेर ओट्यावर. सकाळी गेलेली लाइट तोवर परत आली होती.

पुतण्या बाहेरनं म्हणाला, "तात्या, दार उघडू नका. आमी आत येत न्हाई. भायेरनंच आरती करतो." आवाजात राग नव्हता. त्याला वाटलं, तो माझंच ऐकतोय. त्याच्या मनात पाप नव्हतं हे मी आजही कुणालाही सांगेन. रोजच्यासारखं त्यानं बटण दाबलं.

दगडी देवळात तो आवाज कसा होतो ते आत बसल्यावर कळतं. छातीवर कुणी मारतंय असं वाटतं. वानर एकदम उभं राहिलं, जळक्या हातावर. पडलं, परत उठलं. एका भिंतीवर आदळलं, मूर्तीवर चढलं, तिथनं घसरलं, मग गोणपाटाकडं उडी मारून जाळीला लटकलं. मी ओरडत होतो, बंद कर, बंद कर. बाहेर ऐकू जात नव्हतं, बाहेर टाळ्या चालू होत्या. वेल्डिंगवाला मात्र जाळीशी होता. त्यानं गोणपाट उचललं, बघितलं आणि बटणाकडं धावला. त्याच्या आधी मी कोपऱ्यातली झेंड्याची काठी उचलून यंत्रावर घातली. नगाऱ्याचं कातडं फाटलं, मोटर घरघरत राहिली. मी घालतच राहिलो.

थांबलो तेव्हा सगळं गप्प होतं. ते जाळीखाली पडलेलं. तोंडातनं रक्त, डोळे उघडे. छाती हलत नव्हती.

मी कुलूप काढलं. पुतण्या आत आला, वानराकडं बघितलं, यंत्राकडं बघितलं आणि खाली बसला. म्हणाला, "मला काय ठावं, तात्या." मी काठी खाली ठेवली. तो रडत होता.

वनखात्याची गाडी त्यानंतर थोड्याच वेळात आली. त्यांनी पंचनामा केला आणि गावाची इच्छा आहे म्हणून पुरायची परवानगी दिली. खड्डा तयारच होता.

सकाळी ट्रॉली सजवली. ऊस वाहायची ट्रॉली, तिला केळीचे खुंट, झेंडूच्या माळा. फ्लेक्स आला होता. तिघा-चौघांनी डोकी भादरलेली, पुतण्यानंही. मिरवणूक निघायच्या आधी तो माझ्या दारात आला. हातात मडकं होतं.

"तात्या, म्होरं तुमी चला. मान तुमचा हाय. मडकं तुमी धरा."

"मी न्हाई."

"तुमच्या दारात होतं ते."

"व्हय. म्हणून न्हाई."

त्यानं मडकं काखेत घेतलं. म्हणाला, "यंत्र तुमी मोडलं हे मी कुणाला सांगितलं न्हाई."

"सांग की. कशाला झाकतोस?"

तो गेला. पाठीमागनं त्याचं भादरलेलं डोकं अगदी माझ्या भावासारखं दिसत होतं. गावात डॉल्बी सुरू झाला.

त्या डीपीची लाइट रविवारी सकाळी बंद असते. तरी मी वायरमनला फोन करून विचारून घेतलं. मग कुऱ्हाड आणि दोरखंड घेऊन बांधावर गेलो. वेल्डिंगवाला आधीच तिथं होता. म्हणाला, "ह्या वयात वर चढून मरशील, मग तुझ्यापण मागं ट्रॉली काढावी लागंल."

"दोर धर," मी म्हटलं.

चिंचेवर चढलो. डीपीकडं गेलेल्या फांदीच्या बुडाशी बसलो आणि तोडायला लागलो. चिंचेचं लाकूड लय कठीण, कुऱ्हाड मागं फेकतं. खालनं मिरवणूक गेली. गुलाल वरपर्यंत आला. कुणी वर बघितलं असेल, मी खाली बघितलं नाही. ऊन वर येईपर्यंत फांदी पडली.