न फिटलेला दिवस

कॉम्प्युटर चालू करायच्या आधी भाऊ तो आडवा पाडायचे आणि पाठीवरचा विकणाऱ्याचा स्टिकर अंगठ्याच्या नखाने खरवडून काढायचे. नखात डिंक भरायचा, तो पँटला पुसायचे आणि मग पेनड्राइव्ह लावायचे. काम झालं की मान वर न करता म्हणायचे, "अजून एक झाला. त्याला कळू द्या."

'त्याला' म्हणजे ओतूरकडच्या एका मोठ्या संस्थेच्या डायरेक्टर साहेबांना. मी दोघांचीही नावं घेणार नाही. भाऊंचं आदरापोटी, आणि साहेबांचं तोंडात येऊ नये म्हणून.

भाऊ पश्चिमेकडच्या डोंगरातल्या एका वाडीतले. ओतूरला कॉलेज करून साहेबांच्या संस्थेत लागले. संस्थेचं वसतिगृह होतं, वाड्यावाड्यांत आरोग्याची कामं होती. त्या सगळ्याची माहिती एका जागी राहावी म्हणून भाऊंनी वर्षानुवर्षं बसून एक प्रोग्राम लिहिला, तोही मराठीत. लाइट गेली तरी टाइप केलेली ओळ पुसली जायची नाही. साहेबांनी तो पुण्यात एका कार्यक्रमात मोठ्या पडद्यावर दाखवला आणि सांगितलं की माझ्या पुतण्याच्या कंपनीने बनवला. भाऊ मागच्या रांगेत बसले होते. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, तर साहेब खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू नुसतं टायपिंग केलंस रे."

"ताई, शिवी दिली असती तर इसरून गेलो असतो," भाऊ मला सांगायचे. "पर त्यानं खांद्यावर हात ठेवला व्हता."

त्यांनी त्याच आठवड्यात नोकरी सोडली.

आता माझं सांगते, कारण या गोष्टीत मी काही तटस्थ नाही. पिंपळवंडीत आमची छोटी संस्था आहे. आजारी माणसाला घरी वापरायला पलंग, व्हीलचेअर, ऑक्सिजनचं मशीन आम्ही देतो. साहेबांच्या पुतण्याने भाऊंच्या त्या प्रोग्रामला कुलूप घातलं आणि आमच्यासारख्यांना विकला. एका सकाळी पडद्यावर आलं, 'मुदत संपली'. दारात पिंपरी पेंढारचा एक माणूस उभा होता, घरी त्याच्या वडिलांना श्वास घेता येत नव्हता, आणि मशीन सध्या कोणाच्या घरी आहे ते त्या बंद डब्यात अडकलेलं. मी आठवेल त्याला फोन केले. मशीन मिळालं, म्हातारा वाचला, ते आमचं नशीब. नंतर साहेबांना फोन केला तर म्हणाले, "ताई, सिस्टीमला भावना नसतात." तेव्हापासून त्या माणसाचं वाईट व्हावं असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला ते बरं दिसत नसेल तर न दिसो.

तेव्हाच भाऊ माझ्याकडे पहिल्यांदा आले. म्हणाले, "तुमचा राग मला द्या, माझ्याकडं त्याचं काम हाय."

जगभरातल्या माणसांनी मिळून केलेली एक मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम असते. कोणीही घ्यावी, उघडून बघावी, बदलावी. भाऊंनी तिच्यावर खास संस्थांसाठी वेगळी सिस्टीम रचायला घेतली होती. नोकरी सुटलेली. वहिनींची ओतुरात पिठाची गिरणी होती, तिच्या माळ्यावर बसून त्यांचं काम चालायचं. खाली चक्की सुरू झाली की वर कीबोर्डवर पिठाचा थर. वहिनी गिऱ्हाइकांना सांगायच्या, "ह्यांचा राग चुलीत घातला तर अख्ख्या वाडीचा भात शिजंल."

ते आमच्या ऑफिसात येऊन नुसते बसत आणि बघत. आमच्या कामाच्या मावशी दिवसभर कोणाला ना कोणाला विचारायच्या, 'कुणाकडं काय हाय?' भाऊंनी पडद्यावरच्या पहिल्याच बटणावर तेच लिहिलं. दुसरं बटण होतं 'मीटिंग', आणि तिसरं 'चुकलं, मागं चला'. जुनाट, कोणीतरी देणगीत दिलेल्या कॉम्प्युटरवरही ते चालायचं. भाऊंकडे नम्रता मात्र औषधाला नव्हती. दुसऱ्याचं काम बघून नाक मुरडायचे आणि आपलं दाखवून टाळी मागायचे. मी मुकाट्याने द्यायची.

एकदा मी म्हटलं, "भाऊ, विका की ही. कोण घेणार नाही?"

"इकली तर त्यो बी दुकानदार, मी बी दुकानदार. फुकाट वाटली तर त्याचं दुकानच बसतं, ताई."

सूड म्हणून फुकट वाटणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. तुम्ही पाहिला असेल तर सांगा.

पण एक अट होती. डोंगरात पडकई नावाची रीत आहे. उतारावर भाताचं खाचर पाडायचं तर ते एका घराचं काम नसतं. वाडीतली माणसं कुदळ-फावडी घेऊन येतात, दिवसभर राबतात, घरधनी त्यांना जेवू घालतो. मग ज्याने दिवस दिला त्याच्या शेतावर आपण दिवस द्यायचा. भाऊंनी सिस्टीमचं नावच 'पडकई' ठेवलं आणि नियमही तोच लावला. ज्याच्याकडे बसवली त्याने दुसऱ्या संस्थेत जाऊन एक दिवस राबायचं. ज्याने दिवस दिला त्याला नाही म्हणायचं नाही. अशी ती सिस्टीम जुन्नरमधून घोडेगावच्या बाजूला उतरली आणि आंबेगावातल्या वाड्यांपर्यंत पोचली. पुतण्याचा धंदा बसला. भाऊ खूश होते, पण पोट भरलं नव्हतं. त्यांना एकच गोष्ट हवी होती: साहेबांनी दारात यावं आणि चार माणसांत म्हणावं, 'ते तू केलं होतंस.'

साहेब आले, पण भाऊंच्या दारात नाही. आमच्याकडे जुने कॉम्प्युटर आले होते म्हणून पडकई ठेवली होती, सगळ्यांनी येऊन राबायचा दिवस. सकाळीच साहेब गाडीतून उतरले, अंगात जुना सदरा, बाह्या दुमडलेल्या. एरवी पुण्याचं मराठी बोलणारा माणूस त्या दिवशी वाडीचं बोलत होता. "काय करायचं, सांगा. आमी बी डोंगरातलंच." दिवसभर त्यांनी धूळ पुसली, डबे उचलले, माझ्या हातचं पिठलं-भाकरी पंगतीत बसून खाल्लं. निघताना सगळ्यांसमोर म्हणाले, "दिवस दिला बरं का भाऊ. आता आमच्याकडं कधी येता?"

पुतण्या परदेशी निघून गेला होता आणि त्यांच्या वसतिगृहाचे सगळे कॉम्प्युटर बंद पडले होते, हे आम्हाला नंतर कळलं. माफी नाही, विनंती नाही, ते एक वाक्यही नाही. नुसती धूळ पुसून काम साधलं. मला तर त्यांना खाऊ घातलेली भाकरी परत मागावीशी वाटली.

"जाऊ नका," मी म्हटलं.

"न्हाई गेलो तर पडकई मोडली. उद्या परत्येक जण म्हनंल, ज्याच्याशी पटत न्हाई त्याच्याकडं जायाचं न्हाई."

"आणि सूड?"

भाऊ नख बघत राहिले. "बगू."

आम्ही पाच-सहा जण त्यांच्याबरोबर साहेबांच्या वसतिगृहावर गेलो. साहेबांनी भाऊंना त्यांच्याच जुन्या खुर्चीवर बसवलं. भाऊंचं इतकं सुरेख काम मी कधी पाहिलं नव्हतं. एकेक कॉम्प्युटर उघडून झटकला, बसवला, तिथल्या मुलींना शेजारी घेऊन शिकवलं. संध्याकाळी सगळं सुरू झालं. साहेबांनी बेत जोरात केला होता, मासवडी, रस्सा, बाजरीच्या भाकरी. व्हरांड्यात पंगत मांडली. साहेब स्वतः वाढायला उभे राहिले.

भाऊंनी हात धुतले, रुमालाला पुसले, आणि ताटापाशी उभेच राहिले.

"बसा की," साहेब म्हणाले.

"बसतो. पयलं ह्या पोरींना सांगा, तुमचा जुना प्रोग्राम कुणी केला व्हता."

साहेबांनी पळीतला रस्सा पातेल्यात परत सोडला. "आता जेवायच्या वेळेला कशाला जुनं काढायचं, भाऊ?"

भाऊंनी चपला घातल्या आणि फाटकाबाहेर पडले. त्यांच्या मागे आम्हीही उठलो. वाढलेली ताटं तशीच राहिली.

तुम्ही म्हणाल, उपाशी राहून कसला सूड? डोंगरातल्या माणसाला विचारा. राबणारा जेवला नाही तर दिवस फिटत नाही. काम तुमच्या घरात उभं राहतं आणि ऋण तुमच्या डोक्यावर. बातमी चक्कीवरून पिठाबरोबर घरोघर गेली. पुढे साहेब लग्नात दिसोत की सत्काराला, कोणी ना कोणी विचारायचंच, "काय साहेब, भाऊ जेवले का?" ते हसून टाळायचे. भाऊंना हे येऊन सांगायचा मान मी कधी दुसऱ्या कोणाला मिळू दिला नाही. ऐकून ते लहान मुलासारखे मांडी थोपटायचे आणि पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे.

मग त्यांना कावीळ झाली. दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा पिवळ्या डोळ्यांनी त्यांनी एवढंच विचारलं, "त्यो काय बोलला का?"

मी म्हटलं, नाही. खोटं बोलायला हवं होतं असं लोक म्हणतात. भाऊंना ते आवडलं नसतं. चारच दिवसांत ते गेले आणि मी पोरकी झाल्यासारखी रडले.

दशक्रिया ओतूरला नदीवर झाली. आमच्याकडे दहाव्याला माइक असतो, पुढारी श्रद्धांजलीची भाषणं करतात. साहेबही बोलले. कष्टाळू सहकारी गेला, पोकळी निर्माण झाली, वगैरे सगळं बोलले. तेवढं सोडून.

भाषणं संपली, भाऊंच्या धाकट्या भावाने पिंड मांडले आणि सगळे कावळ्याची वाट बघू लागले. तेव्हा साहेब गाडीकडे गेले आणि झाकलेलं ताट घेऊन आले. राहून गेलेलं जेवण पिंडाशेजारी ठेवतात. कावळा शिवला की फिटलं. साहेब वाकले तशा वहिनी उठल्या आणि मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"पयलं सांगा," वहिनी म्हणाल्या. "कुणी केला व्हता?"

साहेबांनी मागे पाहिलं. घाटावरची सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती, मीही डोळे फाडून बघत होते. ताट हातात धरूनच साहेब खाली मान घालून काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं," वहिनी म्हणाल्या. "त्ये आता लई लांब गेल्यात."