आवणीचे पंधरा दिवस

चुरीकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, नव्या अधिकाऱ्यांच्या वर्गात ‘माणसं कशी पारखावीत’ यावर बोलायला निघाले होते. फोन त्यांच्या मुलीचा होता. "बाबा वाडीला पाणी सोडून आले, ओटीवर बसले ते बसलेच." मी वर्ग रद्द केला नाही. फळ्यावर रकाने आखायला घेतले आणि ‘हजेरी’ लिहिताना खडू थांबला... मुलांना वाटलं, बाई मुद्दा विसरल्या.

बोईसरला मी आले ती नुकतीच पदविका मिळवून, डोक्यात बरीच हवा भरून. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवायचा आमचा कारखाना. मी तिथं कामगार अधिकारी, वय चोवीस. चुरीकाका हजेरी कचेरी सांभाळायचे. केळव्याजवळच्या माहीमचे, पानवेलीची वाडी असलेल्या घरातले. खिशात दोन पेनं आणि पिशवीत कुणासाठी तरी आणलेली केळी. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, "बाई, हजेरीपट कुनालाही वाचता येतो. मानूस का आला नाय, ते पटावर लिवलेलं नसतं." मला ते म्हाताऱ्याचं पाल्हाळ वाटलं. ते तेव्हा पंचेचाळीसचे असतील!

आमचे निम्मे हंगामी कामगार डोंगराकडच्या पाड्यांवरचे, बाकीचे किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतले. पावसाळ्यात आवणी आली, म्हणजे भाताची रोपं लावायची वेळ झाली, की डोंगराकडचे पंधरा दिवस गायब. नेमक्या त्याच दिवसांत कोळ्यांच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असत, म्हणून ती पोरं डोंगराकडच्यांच्या पाळ्या उचलायची. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या की उलटं. ही अदलाबदल काकांनी तोंडी बसवली होती. खातं एक दिवस बंद पडलं नाही. पटावर मात्र दोन्हीकडचे गैरहजरच दिसत, कारण काका खोटी हजेरी मांडत नसत आणि खरी व्यवस्था कुठं लिहीत नसत.

डोंगराकडच्यांतला एक जानू धोडी. शाळा दुसरीपर्यंत. पण ओल्या कापडाचा तुकडा दाराशी उजेडात धरून तो सांगायचा, "यात पिवळा कमी हाय," आणि प्रयोगशाळेचा अहवाल तासाभरानं तेच सांगायचा. सात वर्षं तो हंगामी होता. त्या वर्षी मुंबईच्या कचेरीचं पत्र आलं: निम्म्यांना कायम करा, उरलेल्यांना सोडा, निवडीची पद्धत तुम्ही ठरवा. काकांनी जानूला सांगून टाकलं, "या खेपेला तू हायेस." जानूनं घरावर कौलं घालायचं ठरवलं, आणि आवणीला गेला.

पद्धत मी ठरवली. सुंदर तक्ता केला होता, खोटं कशाला सांगू. हजेरीला सर्वांत जास्त गुण, मग शिक्षण, मग वर्तणूक. कौशल्याला शेवटचा, बारीकसा रकाना. सात आवण्यांची गैरहजेरी आणि दुसरीपर्यंतची शाळा; जानू यादीत खूप खाली गेला. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बाई, ही दांडी नाय. आवणी हाय. तेवढं यात घाला."

"कागद दाखवा काका. लिखित नसेल ते मी कसं धरू?"

"लिवलं असतं तर मुंबईवाल्यांनी कवाच बंद केलं असतं. दोन दिस द्या, जानूला बोलावतो, मॅनेजर साहेबांसमोर उभा करतो."

मी म्हटलं, यादी आजच जायला हवी. मुदतीला अजून चार दिवस होते. मला ती सगळ्यांच्या आधी पाठवून शाबासकी हवी होती. काकांनी सही केली. हजेरीची खात्री त्यांच्या सहीशिवाय होत नसे.

जानू चिखलानं भेगाळलेल्या पायांनी परत आला, तर फाटकावर लावलेल्या यादीत नाव नव्हतं. आरडाओरडा केला नाही. "साहेब, पाऊस काय माजी वाट बगल?" एवढंच काकांना म्हणाला. पुढं तो बायकोमुलांसह वीटभट्टीवर गेल्याचं ऐकलं. त्याच्या पाड्याला जायला एसटी होती. मी कधी गेले नाही. मी मात्र पुढं जात राहिले, पुण्यापर्यंत.

गेल्या हिवाळ्यात माहीमला गेले तेव्हा इतक्या वर्षांनी त्या चार दिवसांचं सांगून टाकलं. मला वाटलं, रागावतील. काका सुपारी कातरत होते. म्हणाले, "मला ठाऊक होतं, बाई. टपाल मीच फोडायचो." मग सही का केलीत, असं मी विचारलं. त्यांनी अडकित्ता मिटून खाली ठेवला. "तेव्हा माजी बढती मुंबईवाल्यांच्या हातात होती."

मला त्यांचा राग आला. आधी त्यांचा, मग घरी परतताना माझा.

ते गेल्यावर सहा-सात आठवड्यांनी काकूंना भेटायला गेले. बाहेर शेतांत आवणी चालू होती. काकांच्या खोलीत खिळ्याला दोरीनं बांधलेली पेन्सिल आणि एकावर एक अडकवलेली जुनी कॅलेंडरं. मी सहज चाळली. दर वर्षीच्या जुलैत पंधरा चौकटींत त्यांचं तेच बारीक अक्षर: जानू, आवणी, हजर. जानू, आवणी, हजर.

"बढती मिळून साहेब झाले त्या वर्सापासून लिवायचे," काकू म्हणाल्या. "इचारलं तर सांगायचे, राहिलेली हजेरी मांडतो. कोन हो हा जानू?"

मी सगळं सांगितलं, माझं आणि त्यांचंही. काकू ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या बढतीचे पेढे मी गावभर वाटलेले." उठून त्यांनी यंदाच्या कॅलेंडरचं जुलैचं पान वर काढलं. कोरं होतं. "आता तुमी लिवा."

मी पेन्सिल घेतली. पहिल्या चौकटीत ‘जानू’ लिहिलं, ‘आवणी’ लिहिलं. पुढचा शब्द लिहिता आला नाही. तो माझ्या तक्त्यात लिहायचा होता, आणि तेव्हा माझ्याकडे चार दिवस होते.