छातीएवढ्या उंचीवरचे प्लग

आमच्या समोर, तळमजल्यावरच, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर राहतात. पूर आणि नदीतली घाण या दोनच विषयांवर ते वर्तमानपत्रात लिहितात. शनिवार पेठेत त्यावर ठरलेला विनोद होता : पूर यायला नदीत पाणी राहिलंय कुठे?

आयटीतला माझा मुलगा एकदा त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन गेला आणि चार्जिंगसाठी उभाच राहिला. त्यांच्या घरातले सगळे प्लग छातीएवढ्या उंचीवर.

"काका, असं का हो?"

"पाणी पायांकडून येतं, म्हणून."

पुलावर ते थांबून श्वास ओढतात. "आज फेस साबणाचा आहे. काल कारखान्याचा होता," एवढंच सांगतात आणि चालू लागतात.

मग एका पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं आणि ते आमच्या घरात शिरलं. आता त्यांच्याकडून 'सांगत होतो ना' ऐकावं लागणार, असं मी धरूनच चालले होते. मी तर नक्की म्हटलं असतं! ते पायजमा खोचून आले आणि आधी आमचा मेन स्विच बंद केला. पाणी ओसरल्यावर म्हणाले, "वहिनी, चिखलाला उघडा हात लावू नका. आपणच नदीत सोडलेलं परत आलंय."

पुढच्या महिन्यात आम्हीही प्लग वर घेतले. चहाला आले तेव्हा त्यांनी भिंतीकडे पाहिलं.

"अजून वीतभर वर हवे होते."

"अहो, तुमच्याइतकेच घेतलेत!"

"माझे मी कालच आणखी वर घेतले."