सर्वांत महागडा छंद

उत्तरेश्वर घुले आमच्या येरवड्याच्या सोसायटीत राहायला आला, त्याच आठवड्यात त्याने जिन्याच्या पायऱ्या मोजल्या आणि बिल्डरच्या नकाशापेक्षा एक पायरी कमी भरते, असं खालच्या फळ्यावर लिहून लावलं. आम्ही तीन वर्षं त्याच जिन्याने चढत-उतरत होतो, आमचं काही अडलं नव्हतं. पण माणूस भोसरीच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. दिवसभर गिअरचे दात तपासायचे आणि केसाएवढा फरक दिसला तरी माल परत पाठवायचा, हे त्याचं काम. ही सवय चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवता येत नाही, अशी त्याची बायको आनंदी तक्रार करायची.

मूळचा तो बीडकडचा. बारा वर्षं पुण्यात काढूनही बोलण्यातला मराठवाडा गेला नव्हता आणि तो जावा असं त्याला वाटतही नव्हतं. ‘येरवड्याला असतो’ म्हटलं की गावाकडचे लोक हसायचे. हा त्यांना गंभीरपणे सांगायचा, की तुरुंगाची भिंत आमच्या इमारतीपासून नऊशे चाळीस पावलांवर आहे.

या माणसाला फोटोग्राफीचा नाद होता. कारखान्यातल्या एका निवृत्त साहेबाकडून त्याने जुना रशियन कॅमेरा घेतला होता. वरवंट्यासारखा जड. रविवारी सकाळी तो गळ्यात अडकवून स्वारी निघायची ती कधी मांजरी गावातल्या उसाच्या फडात, कधी कसबा पेठेत तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांकडे. देवळं, डोंगर, सूर्यास्त यांत त्याला रस नव्हता. माणसं हवी असायची. आणि माणूस सापडला, की त्याच्यासमोर हा दहा-दहा मिनिटं नुसता उभा. रोलमध्ये छत्तीस फोटो, त्यातला एकही फुकट जाता कामा नये. एकदा त्याने माझा फोटो काढायचं ठरवलं, तेव्हा माझा चहा निवला, मग दुसरा आला, तोही निवला. तुमच्या चेहऱ्यावर अजून काही आलं नाही, असं तो मला सांगत होता. मी बँकेत कारकून. माझ्या चेहऱ्यावर साडेपाच वाजता जे येतं ते सकाळी कुठून यायचं?

आमचं तिघांचं जमायचं. तिसरा दशरथ, वरच्या मजल्यावरचा, कसब्यातून इकडे आलेला. त्याला कबुतरांचं वेड. गच्चीवर त्याची खुराडी होती आणि संध्याकाळी तो शिट्ट्या मारत थवा फिरवायचा. मला जुन्या रेडिओंचं वेड, वाल्व्हचे, लाकडी खोक्यातले. जुन्या बाजारात दर रविवारी फेरी मारायची आणि काहीतरी उचलून आणायचं. रेडिओ वाजलाच पाहिजे असा माझा आग्रह नसे. माझ्या बायकोचा, नम्रताचा, असे.

अठ्ठ्याण्णवची दिवाळी. फराळाला तिन्ही बिऱ्हाडं आमच्याकडे होती. बोलता बोलता आनंदी हसत म्हणाली, की सगळ्या छंदांत महागडा छंद आमच्या ह्यांचा, कॅमेरा म्हणजे राजेलोकांचं काम. दुसरा कोणी असता तर चकलीचा तुकडा मोडून गप्प बसला असता. उत्तरेश्वर विचारात पडला. मग म्हणाला, असं नुसतं बोलून चालणार नाही, मोजलं पाहिजे. तिघांनीही गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंतचा आपापल्या छंदाचा खर्च कागदावर लिहायचा आणि सगळ्यांसमोर वाचायचा.

“माझा सगळ्यात जास्त भरला, तर कॅमेरा विकून टाकीन,” तो म्हणाला.

आनंदी नको नको म्हणत होती. थट्टा केली हो, असंही म्हणाली. पण ठरलं. पुण्यात वाद घालून उठून जाणारी माणसं पुष्कळ, वाद मोजून संपवणारा हा एकच.

चार दिवसांनी भाऊबीज आटोपल्यावर पुन्हा आमच्याकडे बैठक बसली. उत्तरेश्वरने आखलेले कागद आधीच वाटले होते. वस्तू, नग, दर, शेरा. दशरथचा कागद पहिला. बाजरी, मका, औषध, खुराड्याची जाळी, एकूण अकराशे पन्नास रुपये. त्यात नाशिकहून आणलेल्या, हवेत कोलांट्या घेणाऱ्या गिरेबाज कबुतरांच्या जोडीचा उल्लेख नव्हता. ती जोडी कितीला आली हे मला माहीत होतं. पण त्याची बायको मुक्ता शेजारीच बसली होती आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी लाडू उचलला.

मग माझा कागद. मी बँकेतला माणूस, आकडे नीट मांडतो. एकूण सहाशे चाळीस. प्रत्येक रेडिओ ‘भंगाराच्या भावात’ आणला असं मी घरी पूर्वीच सांगून ठेवलेलं होतं, तेच भाव लिहिले. नम्रता समोर बसली होती. दुसरं काय लिहिणार? बायकोसमोर छंदाचा खरा खर्च वाचायचा असतो, असं समजणारा नवरा अख्ख्या पेठांत आणि उपनगरांत एकच निघाला आणि तो आमच्या मधल्या मजल्यावर राहत होता.

उत्तरेश्वरने वाचायला सुरुवात केली. रोल चौदा. त्यांची धुणावळ. प्रिंट. पाकिटं, तिकिटं, बसभाडं. कॅमेरा पुसायचं मऊ फडकं एक नग. ऊन यायची वाट बघत प्यायलेला चहासुद्धा त्याने धरला होता. एकूण चार हजार तीनशे सतरा रुपये पन्नास पैसे.

दशरथ उगाच म्हणाला, की फोटोग्राफी म्हटली की खर्च हा यायचाच. मी मान डोलावली. ती मान डोलावल्याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर चिठ्ठी. ‘कॅमेरा विकणे आहे. चालू स्थितीत. विकण्याचे कारण : खर्चिक आहे. घासाघीस करू नये.’ खाली सही, तारीख, फ्लॅट नंबर. चौथ्या मजल्यावर दिग्विजय नावाचा तरुण सॉफ्टवेअरवाला भाड्याने राहत होता. सन दोन हजार उजाडताच जगातले कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून सालाचे दोन आकडे काढून चार घालायचे, यासाठी त्याला जो पगार मिळायचा तो ऐकून आमच्या मॅनेजरांनी पाणी मागवलं होतं. त्याने संध्याकाळीच येऊन व्यवहार ठरवला. रविवारी सकाळी नऊला पैसे देऊन कॅमेरा न्यायचा.

मी दशरथला गच्चीवर गाठलं. खरं सांगून टाकू या, म्हटलं. तो म्हणाला, तुला सांगायचं तर सांग, माझं नाव घेऊ नकोस, मुक्ता खुराडी उचलून नदीत टाकील. मग मलाही वाटलं, जाऊ दे. कॅमेराच तर आहे, पुढेमागे दुसरा घेईल. आठवडा असाच गेला. उत्तरेश्वर जिन्यात भेटला की नुसता ‘नमस्कार सुदर्शनराव’ म्हणून खाली बघत पुढे व्हायचा. मी समजलो, कॅमेऱ्याचं दुःख आहे.

शनिवारी नम्रताने दिवाळीचे डबे आवरताना ते तीन कागद माझ्यासमोर टाकले, ठेवायचे की फेकायचे म्हणून. मी उत्तरेश्वरचा कागद सहज वाचायला घेतला. त्या दिवशी त्याने नुसती वस्तू आणि रक्कम वाचली होती, शेऱ्याचा रकाना वाचला नव्हता. तिथे बारीक अक्षरात सगळं होतं. प्रिंट, दोनशे अकरा नग, शेरा : ज्यांचे फोटो, त्यांना दिले. पाकिटं आणि तिकिटं, शेरा : ऊसतोडीची माणसं गावी गेल्यावर पाठवले. मी बेरीज केली. जवळजवळ निम्मा खर्च त्याने काढलेल्या फोटोंचा नव्हता, वाटलेल्या फोटोंचा होता. आणि खालून तिसरी ओळ : मोठा प्रिंट, फ्रेमसह, एक नग, एकशे पंच्याऐंशी रुपये. शेरा : सुदर्शनरावांचे वडील.

माझे वडील मार्चमध्ये गेले. घरात त्यांचा धड फोटो नव्हता. रेशनकार्डासाठी काढलेला एक होता, त्यात ते कोणावर तरी चिडलेले दिसतात. तेराव्याच्या आदल्या दिवशी उत्तरेश्वर फ्रेम घेऊन आला. त्यात बाबा खालच्या पारावर बसून पेपरची घडी घालताहेत आणि कोणाचं तरी बोलणं ऐकून हसू दाबताहेत. किती झाले विचारलं तर म्हणाला, ते बघू नंतर. नंतर मी बघितलंच नाही. ज्या भिंतीवर तो फोटो होता, त्याच भिंतीला टेकून मी सहाशे चाळीस वाचले होते.

मी तिथेच बसून नवा कागद लिहिला. खरा.

रविवारी नऊला मी घुल्यांच्या दारात हजर झालो तेव्हा पैसे टेबलावर होते आणि कॅमेरा दिग्विजयच्या गळ्यात. नम्रताला मी बरोबर नेलं होतं, कारण तिच्याशिवाय वाचण्यात अर्थ नव्हता. दशरथ आणि मुक्ताही काय चाललंय ते बघायला खाली आले होते. मी म्हटलं, माझा आधीचा कागद खोटा होता, आणि वाचत सुटलो. एकेका रेडिओचा खरा भाव ऐकताना दिग्विजयसुद्धा चपापला. एकूण सहा हजार दोनशे दहा.

मी नम्रताकडे बघायचं टाळत होतो. तीच बोलली. “पैशाचं आपण घरी बोलू. पण तुमच्यामुळे घुलेभाऊजी आठ दिवस मान खाली घालून चाललेत, ते तुम्ही बघत होतात ना?”

दशरथने घसा खाकरला आणि मुक्ताकडे पाठ करून नाशिकच्या जोडीची किंमत सांगितली, मग पोपटी डोळ्यांच्या एका नराची, मग औषधांची. त्याची बेरीज माझ्यापेक्षा वर गेली. मुक्ता वर गच्चीच्या दिशेने बघायला लागली, ते पाहून आम्हां सगळ्यांना खुराड्यांची काळजी वाटली.

उत्तरेश्वरने माझा कागद हातात घेतला, खिशातलं पेन काढलं आणि वरपासून खालपर्यंत तपासला.

“जुन्या बाजारला जायचं-यायचं बसभाडं धरलेलं नाही,” तो म्हणाला. “बावन्न रविवारांचे तीनशे बारा.” ते त्याने लिहिलं, बेरीज दुरुस्त केली, आणि मग पेन हातात तसंच धरून खुर्चीवर बसला. त्याचा आवाज एकदम बदलला.

“कॅमेऱ्याचं काही नव्हतं हो. मला वाटायलं होतं, सगळी माणसं सहाशेत, हजारात भागवायलीत, अन् मी एकटाच घरच्यांना लुबाडायलोय. आठ दिवस आनंदीनं वाढलेलं गोड लागलं नाही.”

लाज कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं. मी त्याला म्हटलं, की घुले, माझं चुकलं, आणि बाबांच्या फोटोचे पैसेसुद्धा मी दिले नाहीत. तो म्हणाला, त्याचे कसले पैसे, ते छान हसायले होते. एवढं बोलून त्याने डोळे पुसले. मग दशरथने पुसले. दिग्विजयला काय करावं कळेना, तो कॅमेऱ्याची लेन्स पुसायला लागला.

आनंदी इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पुढे आली. टेबलावरचे पैसे तिने दिग्विजयच्या हातात परत दिले, त्याच्या गळ्यातला पट्टा काढला आणि नवऱ्याच्या गळ्यात घातला.

“उठा आता,” ती म्हणाली. “मीही येते. सव्वानऊ झाले, ऊन चढायला लागलंय.”