अडकित्त्याचा मूळ देश

नवा जिल्हा झाला त्या साली पावसानं पाठ फिरवली आणि लातुरात दोघांचीच चलती राहिली: टँकरवाल्यांची आणि माझी. मी रबरी शिक्के करायचो. उस्मानाबादचं नाव काढून लातूरचं घालायला एकेक कचेरी माझ्या दुकानाची पायरी चढत होती. गावाला दुष्काळ आणि मला सुगी, याची लाज वाटायची. पण काम नाकारण्याइतकी नाही.

शेजारी व्यंकटी पांचाळाची भट्टी होती. तो अडकित्ते घडवायचा. आमच्याकडे हळद लागलेल्या नवरदेवाच्या हातात अडकित्ता हवाच. पण त्या साली लग्नंच पुढं ढकललेली, मग अडकित्ते घेतो कोण? व्यंकटीचं तोंड उतरलं होतं. त्याची बायको कोंडाबाई मात्र, ‘पाऊस रुसलाय, मी कशाला रुसू?’ म्हणत भात्यापाशी बसायची.

अशात मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं दोनशे अडकित्ते मागवले, आफ्रिकेतल्या आपल्या लोकांच्या दुकानांसाठी. अट एकच: मालावर मूळ देश म्हणून भारताचं नाव हवं आणि ते खरं असल्याचा सरकारी दाखला हवा. दाखला मिळाला तर वर्ष निभावणार होतं. नाही मिळाला तर सोमवारपासून नवरा-बायको रोजगार हमीच्या खडीवर जाणार होते. उतावळा मी! खोक्यांसाठी ‘व्यंकटी पांचाळ, लातूर, भारत’ असा शिक्का आधीच करून ठेवला.

दाखला द्यायला शेषेराव नावाचे साहेब आले. माणूस सज्जन, पण नियमाचा पक्का. फॉर्म मांडीवर घेऊन त्यांनी विचारलं, “लोखंड कुठलं?”

व्यंकटीला खोटं बोलणं जमतच नसे. “जुन्या मिल्ट्री जीपच्या स्प्रिंगचा पाटा हाय साहेब. भंगारातून आणला. अमेरिकेचा.” वर त्यानं पाट्यावरची इंग्रजी अक्षरंही फडक्यानं पुसून दाखवली.

साहेबांचं पेन थांबलं. “मग मी भारत कसं लिहू? अमेरिका लिहावं लागेल.”

माझं डोकंच फिरलं. “साहेब, तुमच्या सदऱ्याचा कापूस भोकरचा असेल, म्हणून शिंपी काय भोकरचा होतो?”

“रागावू नका,” साहेब म्हणाले. “अर्धवट माहितीवर मी सही करणार नाही.” त्यांनी फॉर्मची घडी घातली. व्यंकटीनं पाटा उचलून कोपऱ्यात टाकला.

कोंडाबाई पदर खोचून उठली. “सुपारी खाता का साहेब?” व्यंकटीनं नुकताच घडवलेला एक अडकित्ता आणि अख्खी सुपारी तिनं त्यांच्या हातात दिली. “घ्या, कातरा.”

साहेबांनी जोर लावला. सुपारी टुणकन उडाली आणि अडकित्त्याची धार मुडपली.

“ह्यो तुमचा अमेरिकेचा,” कोंडाबाई म्हणाली.

मग तिनं धार ठोकून सरळ केली आणि अडकित्ता निखाऱ्यात सरकवला. घरात टँकरचं अर्धी बादली पाणी होतं, संध्याकाळपर्यंत तेवढंच. ती बादली तिनं पुढं ओढली. पात्याच्या रंगावरची तिची नजर हलेना. एकदम तिनं अडकित्ता उचलला आणि पाण्यात बुडवला. चर्र झालं. पुन्हा जरा शेक दिला, तेलाचा बोळा फिरवला, निवू दिला. हे पाणी देण्याचं काम चुकलं तर पातं मऊ राहतं, नाहीतर काचेसारखं तडकतं. भट्टीवर ते फक्त तीच करायची. व्यंकटीला तो रंग कधी ओळखताच आला नाही.

आता सुपारीचे पातळ काप पडले. साहेबांनी एक तोंडात टाकला.

“जीपखाली हुता तवा नुसतं वझं झेलत हुता,” कोंडाबाई म्हणाली. “कातरायला हितं शिकला. आता लिवा काय लिवायचं ते.”

साहेबांनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं. बराच वेळ पानं चाळली. एका जागी बोट थांबलं आणि चेहरा उजळला. “माल जिथं शेवटच्या महत्त्वाच्या कामानं नवी वस्तू बनतो, तोच मूळ देश. आहे की इथं! मीच नीट वाचलं नव्हतं.” आणि त्यांनी ठळक अक्षरांत ‘भारत’ लिहिलं. मी आनंदानं व्यंकटीच्या पाठीत असा धपाटा घातला की तो खोकायलाच लागला.

साहेब पुढच्या रकान्याकडे वळले. “निर्मात्याचं नाव?”

“व्यंकटी पांचाळ,” मी शिक्का पुढं करत म्हणालो.

“थांबा,” साहेब म्हणाले. “शेवटचं महत्त्वाचं काम कोण करतं?”

सगळा बाजार तीस वर्षं ‘व्यंकटीचा अडकित्ता’ म्हणूनच माल नेत होता. मीही तेच म्हणायचो. कोंडाबाई पदरानं बादलीचा काठ पुसत राहिली. मग व्यंकटीच हसून म्हणाला, “लिवा साहेब, तिचंच नाव लिवा. मी नुसता पाटा वाकवून ऱ्हायलो.”

शिक्का वाया गेला, पण मला काडीचंही वाईट वाटलं नाही. उलट इतकी वर्षं शेजारी बसून मला हे दिसलं नाही, याचंच वाईट वाटलं. रातोरात नवा केला आणि सकाळी पहिल्या खोक्यावर उमटवून दाखवला.

कोंडाबाईला वाचता येत नव्हतं. “ह्यात मी कुठं हाय?”

मी ‘कोंडाबाई’वर बोट ठेवलं. तिनं ओल्या शाईवर हळूच बोट फिरवलं. “आन ह्ये फुडचं?”

“व्यंकटी. नवऱ्याचं नाव मागं लावायची रीत आहे.”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो भाता ओढत गालात हसत होता.

“ऱ्हाऊ द्या त्येला बी,” ती म्हणाली. “भाता झ्याक वढतो.”