पाहुण्यांची खुर्ची

त्याचं खरं नाव कुणी विचारलंच, तर त्याला स्वतःलाच क्षणभर आठवावं लागे. सगळे त्याला ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी राहतेय ना, हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. हा माणूस खुर्च्या भाड्याने देणाऱ्या दुकानात अर्धं आयुष्य कामाला होता, आणि दोरी न धरता खुर्च्यांची अशी सरळ रांग लावायचा की मालकाने एकदा कौतुकाने हे नाव दिलं. पगार वाढवण्यापेक्षा नाव देणं स्वस्त पडतं, एवढा व्यवहार मालकाला कळत होता.

सभा असो, लग्न असो, शाळेचा बक्षीस समारंभ असो, लोक जमायच्या आधी ओळंबा येऊन गेलेला असे आणि लोक पांगल्यावर पुन्हा येई. मधल्या वेळात काय झालं, ते त्याला फारसं ठाऊक नसे; कधी लवकर आला, तर शेवटपर्यंत बसलेली माणसं दारातून दिसत, तेवढंच. खुर्च्यांखाली काय काय पडलंय त्यावरून तो अंदाज बांधी. पुढच्या रांगांखाली फार काही सापडत नसे. मागच्या रांगांखाली शेंगांची टरफलं असली, तर भाषण लांबलं म्हणायचं.

पन्नाशी उलटली आणि कंबर कुरकुरू लागली. आधी सकाळी, मग जिने चढताना, मग खोकतानासुद्धा. डॉक्टरांनी सांगितलं, "यापुढे ओझं उचलायचं नाही. बसून करायचं काम बघा."

ओळंब्याने हे मालकाला जसंच्या तसं सांगितलं. मालकाने शांतपणे ऐकून घेतलं.

"बसून करायचं काम आपल्या दुकानात एकच आहे," मालक म्हणाला, "आणि त्यावर मी बसलोय."

"मग माझं कसं?"

"महिनाअखेरपर्यंत बघू."

मालक 'बघू' म्हणाला की काय बघायचं असतं, हे ओळंब्याला चांगलं माहीत होतं. दुसरा माणूस.

घरात कमावणारी दुसरी व्यक्ती म्हणजे बायको. ती कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना बटणं लावायची. ती म्हणाली, "माझ्या बटणांवर दोघं जगू की. फक्त शर्टाला लागतात तेवढीच लावावी लागतात. हौसेने दोन जास्त लावली तर पैसे कापतात." यावर हसावं की काळजी करावी ते न कळल्यामुळे ओळंब्याने दोन्ही थोडं थोडं केलं.

नोकरी मेळाव्याची बातमी मेहुण्याने आणली. बायकोचा हा धाकटा भाऊ नोकरी मिळवण्यातला मोठा जाणकार. त्याने आजवर इतक्या मिळवल्या होत्या की एकही टिकवायला सवड झाली नव्हती. मोठ्या सभागृहात मेळावा होता, पुष्कळ कंपन्या येणार होत्या, आणि त्यात एक बस कंपनी होती. तिला तिकीट खिडकीवर बसायला तीन माणसं हवी होती. काचेच्या आत, पंख्याखाली, दिवसभर बसून. लिहिता-वाचता यावं, हिशोब चुकू नये, बस्स.

ओळंब्याने 'बसून' हा शब्द पुन्हा एकदा म्हणायला लावला.

"पण भावोजी, तिथे शेकड्यांनी माणसं येणार," मेहुणा म्हणाला. "त्यात तुम्ही दिसला पाहिजेत."

"दिसेन की. तिथल्या खुर्च्या आमच्याच दुकानातून जायच्यात."

"तसं नाही हो. उठून दिसायला हवं."

"त्यांना आधी नुसतं उठू दे," बायको आतून म्हणाली.

"ताई, तू मध्ये बोलू नकोस. हं, भावोजी, कपाटाला टेकू नका. स्वतःबद्दल एक मिनिट बोला."

ओळंब्याने घसा साफ केला. "मी खुर्च्या लावतो."

मेहुण्याने विचारलं, "पुढे?"

"मग उचलतो."

"अहो, हे काय बोलणं झालं? आपण केलेलं काम जरा फुगवून सांगायचं असतं."

ओळंब्याने विचार केला. "मी पुष्कळ खुर्च्या लावतो," तो म्हणाला.

बोलणं बाजूला ठेवून मेहुण्याने हात मिळवायला शिकवलं. पकड घट्ट हवी, त्यावरून माणसाचा आत्मविश्वास कळतो. ओळंब्याचा हात जन्मभर लोखंडी खुर्च्यांच्या थप्प्या उचललेला. मेहुण्याने त्या दिवशी चहाचा कप डाव्या हाताने धरला. मग डोळ्यांत डोळे घालून बघण्याचा सराव झाला. तोही थोड्याच वेळात थांबवावा लागला, कारण मेहुण्याच्या मते भावोजी माणसाकडे बघत नव्हते, माणूस तिरका तर बसला नाही ना, ते तपासत होते. शेवटी आपला कोट देऊन मेहुणा निघून गेला. कोट पोटावर तटतटत होता. बायकोने बटणं सरकवून लावली, आणि म्हणाली, "श्वास बेताने घ्या."

मेळाव्याच्या आदल्या दिवशी सभागृहात टेबलं-खुर्च्या मांडायला ओळंबाच गेला. प्रत्येक कंपनीला एक टेबल, पलीकडे कंपनीच्या माणसासाठी खुर्ची, अलीकडे उमेदवारासाठी खुर्ची. मांडता मांडता त्याच्या मनात एक गोष्ट आली, आणि ती मेहुण्याच्या सगळ्या शिकवणीपेक्षा त्याला जास्त पटली.

माणूस कसा दिसतो, ते तो कशावर बसलाय यावर ठरतं, हे त्याने वर्षानुवर्षं पाहिलं होतं. प्लॅस्टिकच्या खुर्चीत माणूस घसरत जातो आणि काहीतरी मागायला आल्यासारखा दिसतो. घडीच्या लोखंडी खुर्चीत तो आता उठतो की मग उठतो असा बसतो. आणि दुकानात एक खुर्ची होती, पाहुण्यांची. लाल रेक्झिनची, उंच पाठीची, रुंद हातांची. कार्यक्रम कुठलाही असो, प्रमुख पाहुणे त्याच खुर्चीत बसत. ओळंब्याने त्या खुर्चीत डुलक्या काढणारी माणसं पाहिली होती, आणि ती झोपेतही विचार करत असल्यासारखी वाटत.

त्याने इकडेतिकडे पाहिलं, उद्या भाषणाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी व्यासपीठावर मांडलेली ती खुर्ची उचलली आणि बस कंपनीच्या टेबलाशी, उमेदवाराच्या बाजूला नेऊन ठेवली. सकाळी दार उघडताच आपण पहिले, खुर्चीत बसायचं, काम उरकायचं, आणि खुर्ची परत वर. पाहुणे वेळेवर येत नाहीत, या गोष्टीवर त्याची देवाइतकीच श्रद्धा होती.

सकाळी तो कोट घालून, केस चापून, हातात फाइल घेऊन दारात हजर झाला. बरोबरीने उभा असलेला एक किडकिडीत तरुण नखं कुरतडत होता. त्याची ओळंब्याला दया आली. दार उघडलं, आणि आतून सभागृहाचा व्यवस्थापक धावत आला.

"ओळंबा, बरं झालं आलास. कंपन्या वाढल्यात. बाहेर टेम्पो उभाय, खुर्च्या आत घे."

"साहेब, मी आज उमेदवार आहे."

"हो, हो. ते हो नंतर. आधी खुर्च्या."

नाही कसं म्हणायचं, हे मेहुण्याने शिकवलं नव्हतं. ओळंब्याने फाइल खिडकीत ठेवली आणि टेम्पोकडे गेला. कोटातला माणूस खुर्च्या वाहतोय हे कुणाला वेगळं वाटलं नाही. उलट कोटामुळे तो मुख्य खुर्चीवाला असावा असं वाटून लोक त्यालाच बोलवू लागले. "अहो, इथे एक द्या." "ही डुगडुगते, बदला." एका बाईंनी त्याला पंख्याचं बटण कुठे आहे ते विचारलं. ते त्याला माहीत होतं, हेच त्याचं दुर्दैव.

दोन खेपांच्या मधे त्याने बस कंपनीच्या टेबलाकडे पाहिलं. लाल खुर्चीत तो नखं कुरतडणारा तरुण बसला होता. पण आता त्याची नखं खुर्चीच्या हातांवर ऐसपैस पसरली होती. पाठ ताठ, मान वर. मुलाखत घेणाऱ्या बाई किंचित पुढे झुकून ऐकत होत्या, आणि तो त्यांना विचारत होता, "आपल्याकडे पुढे वाढायला वाव कितपत आहे?" बाईंनी त्याच्यासाठी पाणी मागवलं. तेही ओळंब्यानेच नेऊन दिलं.

त्याच्यामागून दुसरा बसला. तो घामाघूम होऊन आला होता, खुर्चीत टेकल्यावर नुकताच परदेशातून आल्यासारखा दिसू लागला. आणि हे इतरांनीही पाहिलं. ज्या कंपनीने उमेदवाराला अशी खुर्ची दिली, ती कंपनी केवढी मोठी असेल, असं म्हणत माणसं दुसऱ्या रांगा सोडून तिकडे जाऊ लागली. बँकेच्या टेबलाशी माश्या उडत होत्या आणि बसच्या तिकीट खिडकीसाठी रांग दारापर्यंत पोचली होती. त्या रांगेतल्या थकलेल्या लोकांना बसायला खुर्च्या हव्या, म्हणून व्यवस्थापकाने ओळंब्याला आणखी एक खेप सांगितली.

ती खेप संपवून तो रांगेच्या शेवटी उभा राहिला. कंबर आता स्वतंत्रपणे विचार करू लागली होती. दुपार कलली तेव्हा त्याची पाळी आली. बाईंच्या समोरच्या कागदावर तीनपैकी दोन जागांपुढे नावं लिहिलेली होती.

ओळंबा खुर्चीत बसला. इतक्या वर्षांत त्याने ती हजारदा उचलली होती, पुसली होती, पावसात भिजू नये म्हणून तिच्यावर स्वतःचा रेनकोट टाकला होता. बसला मात्र कधीच नव्हता. आता बसला तो पाहुण्यांचं रेक्झिन मळेल म्हणून कडेला, आणि हात टेकवायचे ते मांडीवर घेतले. उंच लाल पाठ त्याच्या मागे रिकामीच उभी राहिली.

बाईंनी मान वर केली. "खुर्ची न्यायला आलात का?"

"नाही. मी उमेदवार आहे."

"अच्छा." त्यांनी कागद पुढे ओढला. "याआधी काय करत होता?"

एक मिनिट बोलायचं होतं. "खुर्च्या लावत होतो," तो म्हणाला. आता पुढचं वाक्य येणार, एवढ्यात व्यवस्थापक धापा टाकत आला. पाहुणे आले होते. उशिराच आले होते, त्यांनी आपला शब्द पाळला होता, पण ओळंब्यालाच त्यांच्याहून उशीर झाला होता.

"व्यासपीठावर खुर्ची नाही, आणि ही इथे कुणी आणली? उचल आधी."

ओळंबा उठला. न उठण्याचा विचार त्याच्या मनाला शिवला असता तर बरं झालं असतं, पण तो बसायच्या कामाचा नवखा होता आणि उचलायच्या कामात मुरलेला. सगळ्या सभागृहाच्या मधून तो लाल खुर्ची छातीशी धरून निघाला, पायऱ्या चढला, आणि व्यासपीठाच्या मधोमध ती नीट टेकवली. टेकवताना कमरेत उसण भरली. तो होता तिथेच, म्हणजे खुर्चीत, बसला. आणि उठेना.

पाहुणे शेजारी येऊन उभे राहिले. ते मोठे कारखानदार होते, त्यांनी हसून थोडी वाट पाहिली.

"चल, ऊठ," व्यवस्थापक दातांतून म्हणाला.

"येत नाही उठता."

"म्हणजे?"

"कंबर धरलीय. मी काय मुद्दाम बसलोय का?"

हे शेवटचं वाक्य माइकने सगळीकडे पोचवलं. सभागृहातली प्रत्येक मान वर झाली. मेहुणा म्हणत होता ते उठून दिसणं हेच असावं, असं ओळंब्याला वाटलं. पाहुण्यांनी मोठ्या मनाने उभ्यानेच भाषण केलं. विषय होता, कष्टाला पर्याय नाही. पाय दुखू लागल्यामुळे तो त्यांनी लवकर आटोपला आणि लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

पाहुणे गेल्यावर बस कंपनीच्या बाई कागद घेऊन वर आल्या.

"तुमचं अर्धं राहिलं होतं."

"मी येतो की खाली," तो म्हणाला आणि हात टेकून उठायला गेला. पाठीने लगेच परत बोलावलं.

"असू द्या. आमची एकच अडचण आहे. खिडकीवर माणूस बसवला की घटकाभराने जागेवर नसतो. चहाला जातो, फोनला जातो. लोक काचेवर टकटक करत राहतात. तुम्ही एकदा बसलात की किती वेळ बसता?"

ओळंब्याने प्रामाणिकपणे विचार केला. "आज तरी सांगता येत नाही," तो म्हणाला. "कुणी उचलून नेईपर्यंत."

बाईंनी काहीतरी लिहिलं. काय, ते त्याला मान वळवता न आल्यामुळे दिसलं नाही.

त्याला उचलून नेलं चौघांनी, खुर्चीसकट, टेम्पोपर्यंत. तिथे मालक उभा होता. त्याच्या कानावर सगळं गेलं होतं. "महिनाअखेर आजच झाली असं समज," तो म्हणाला. मग टेम्पो निघताना मागून हाक मारून त्याने बजावलं, "आणि ती खुर्ची घरी ठेवून घेऊ नकोस."

आठवडाभर ओळंबा अंथरुणावर होता. मेहुणा येऊन सांगून गेला की बसून राहण्याची ही कल्पना त्याला सुचली असती तर त्यानेही सुचवली असती. बायको बटणं लावायला जाताना उशाशी पाणी ठेवून जाई आणि आल्यावर काही न विचारता त्याच्याकडे पाही. तिने न विचारणंच त्याला जास्त लागत होतं. मग बस कंपनीचा फोन आला. तिसरी जागा त्याची.

पहिल्या दिवशी तिन्ही खिडक्यांच्या मागे कंपनीची गोल स्टुलं होती, पाठ नाही, हात नाहीत. दोन खिडक्यांवर मेळाव्यातले ते दोघे बसले होते. पहिला पुन्हा नखं कुरतडत होता, आणि पाणी प्यायला जाऊ का, असं बाईंना विचारत होता. दुसऱ्याला घामामुळे तिकिटं चिकटत होती. बाई त्यांच्या मागे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग ओळंब्याच्या खिडकीशी येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "हे दोघं त्या दिवशी कुणीतरी वेगळेच वाटले होते हो. माझीच निवड चुकली का?"

ओळंब्याला कारण माहीत होतं. पण ते सांगायचं, तर खुर्ची तिथे कुणी नेऊन ठेवली होती, तेही सांगावं लागलं असतं. तो म्हणाला, "शिकतील हळूहळू."

"तुम्ही मात्र त्या दिवशी होतात तसेच दिसता," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

हे कौतुक होतं की आणखी काही, याचा तो दिवसभर तिकिटं देता देता विचार करत राहिला. घरी गेल्यावर त्याने बायकोला विचारलं. बायकोने ऐकून घेतलं.

"ते राहू दे," ती म्हणाली. "पगार किती देणार, ते विचारलंत का?"

ते मात्र त्याने विचारलं नव्हतं.